कुणाचा रे तू?

सेंत-ओदील, १४ जानेवारी

मिलेन,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आमदारबाईंच्या नजरेतून म्हणे काही सुटत नाही.

तुझे फोन येतायत आणि मी आपटतेय. फोनवर तू तुझा तो शाळेतल्या नर्सचा आवाज लावतेस, ‘कुठं दुखतंय बाळा’ असा, आणि माझा राग विरघळतो. या खेपेला मला तो विरघळू द्यायचा नाही. म्हणून पत्र.

बातमी मला कुणी दिली ठाऊक आहे? रोझेर उलेटनं! रविवारी मिसा संपल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये, कॉफीच्या बंबापाशी, सगळ्या गावासमोर. शिकारी क्लबाचा अध्यक्ष तो, त्याला असा मौका कशाला सोडवतोय? पेपर माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, “फर्नांद, ही मिलेन मिशो म्हणजे तुझीच भाची ना?” वाचते तर काय, सेमी-ऑटोमॅटिक रायफल एकवीस वर्षांखालच्या कुणालाही विकायची नाही, असं विधेयक. मांडणार कोण, तर माझ्या भावाची लेक. बकव्हीटचं घावन हातात तसंच गार झालं.

अगं, तुझे आईबाप गेले तेव्हा तू केवढीशी होतीस. या दुकानात, काडतुसांच्या खोक्यावर बसून तू पाढे पाठ केलेस. श्वास सोडायचा आणि मग चाप ओढायचा, हे तुला कुणी शिकवलं? आणि आता समुद्राकाठच्या शहरातून निवडून येऊन तू मला शिकवणार, कुणाला काय विकायचं ते!

अठराव्या वर्षी पोराला मत देता येतं, लग्न करता येतं, आणि तुमचंच सरकार त्याच्या हाती याहून भयंकर हत्यार देऊन त्याला वाळवंटात लढायला धाडतं. तिथं तो मर्द गडी. माझ्या काउंटरवर आला की मात्र कुक्कुलं बाळ!

मला तुझ्या कायद्याची गरज नाही. गिऱ्हाइकावर काही गुन्हा नाही ना, या सरकारी चौकशीचा फोन मी करतेच, पण त्याआधी माझा एक प्रश्न असतो: ‘कुणाचा रे तू?’ तूही ऐकत मोठी झालीस. उत्तर आलं की मला त्याची आजी दिसते, बाप दिसतो, त्यांचं बटाट्याचं शेत दिसतं. ज्याला उत्तर देता येत नाही, त्यानं दार लोटावं आणि चालू लागावं. अख्ख्या खोऱ्यात आजवर असंच चाललंय, नदीपलीकडे कॅनडात जाऊन विचार हवं तर.

मार्चमध्ये त्या विधेयकावर जाहीर सुनावणी आहे म्हणे. मी येणार, आणि तुझ्या तोंडावर विरुद्ध बोलणार. तयारीत राहा.

आत्या

---

राजधानी, २२ जानेवारी

प्रिय आत्या,

मी ‘प्रिय’ लिहिणारच. काय करायचं ते कर.

तुला आधी सांगितलं नाही, कारण मी घाबरले. क्लबाला नाही, तुला. फोनवर तुझा नुसता ‘हं’ ऐकला असता तरी मसुदा फाडून टाकला असता. म्हणून आधी सही केली आणि मग फोन लावला. ते माझं चुकलं. मसुदा चुकलेला नाही.

तू वाचलास का तो? की रोझेरनं सांगितलं तेवढंच? तुझ्या भिंतीवरच्या हरणाच्या रायफली, ज्यांचा खटका दर गोळीमागं मागंपुढं करावा लागतो, त्यांना धक्कासुद्धा लागत नाही. बापानं लेकाला शिकारीला नेलं तरी कुणी विचारणार नाही. गोळ्यांचं मॅगझीन रिकामं होईस्तोवर नुसता चाप ओढत राहायचं, ती रायफल तेवढी एकवीसपर्यंत दुकानातून मिळणार नाही. पिस्तुलाला आजही एकवीस लागतात आणि तू ते मुकाट पाळतेस. बिअरलाही एकवीस लागतात. त्यावरून कुणी मर्दपणा काढलेला मी ऐकला नाही.

सैन्याचं म्हणशील, तर तिथं डोक्यावर सार्जंट उभा असतो आणि संध्याकाळी हत्यार कुलपात जातं. तुझ्या काउंटरवरून ते थेट पिकअपच्या सीटवर जातं.

कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याचा आमच्या शाळेत सराव असायचा. घंटा झाली की दिवे बंद करायचे, पहिलीतली पोरं माझ्या औषधांच्या खोलीत कोंबायची आणि प्रत्येकाच्या तोंडात लॉलीपॉप द्यायचं. का? तोंडात लॉलीपॉप असलं की पोरं रडत नाहीत. आमच्याकडे त्याचा डबा वेगळा ठेवलेला होता. एकदा एका मुलीनं मला विचारलं, “नर्सबाई, खरा माणूस आला तर मोठं लॉलीपॉप देणार का?” त्या दिवशी घरी येऊन मी निवडणुकीचा अर्ज भरला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझा प्रश्न मला पाठ आहे. पण आमच्या शहरात दुकानदाराला कुणाची आजी माहीत नसते. आणि आत्या, आजी माहीत असली म्हणजे पोरगं माहीत असतं का गं?

ये. साक्षीला तीन मिनिटं देतात. मी मागं हटणार नाही.

तुझी मिलेन

---

सेंत-ओदील, ३ फेब्रुवारी

प्रिय मिलेन (सवयीनं लिहिलं, फार फुशारू नकोस),

लॉलीपॉपचं वाचून जीव कळवळला. खोटं बोलणार नाही. पण त्यासाठी तू माझ्या गिऱ्हाइकांना का बडवतेस?

तेस गेरेट आठवते? बटाट्याच्या गोदामात होता त्या गेरेटची धाकटी. एकोणीस वर्षांची आहे, बाप गेल्यापासून मेंढ्या एकटी सांभाळते. आपल्याकडचे थोराड कोल्हे चार-चार मिळून येतात. खटक्याच्या रायफलीनं ती एक पाडेपर्यंत बाकीचे कोकरू घेऊन पसार. तिला सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचीय, कोकरं व्हायच्या आत. तिला काय सांगू? ‘थांब गं बाई, मिलेनताई कोल्ह्यांनाही दोन वर्षं थांबायला सांगणार आहेत’? हे तुझ्या समितीसमोर सांगणार आहे मी. बघू काय उत्तर देतेस.

क्लबानं ठराव करून मला पुढं केलंय. रोझेर म्हणाला, “बाई, बंदुकीची दुकानदार, आणि वर आमदारणीची सख्खी आत्या! फर्नांद, तुझ्यासारखा साक्षीदार शोधून सापडायचा नाही.” भाषण टाईप करून द्यायला निघाला होता. म्हटलं, मला काय तोंड नाही?

आणि तू विचारलंस ना, आजी माहीत असली म्हणजे पोरगं माहीत असतं का? असतं! ऐक. गेल्या आठवड्यात दक्षिणेकडून आलेला एक पोरगा आला, अशीच रायफल मागत. “कुणाचा रे तू?” तर म्हणतो, “कुणाचा म्हणजे?” म्हटलं, जा बाबा. गेला. आणि आज सकाळी कोडी आला, रोझेरचा नातू. कालच अठरा पूर्ण झाली. “कुणाचा रे तू?” मी मुद्दाम विचारलं, गंमत म्हणून. त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा केक मीच केला होता! तो काही हसला नाही. “उलेटांचा,” म्हणाला. फोनवर चौकशी केली, पलीकडून लगेच होकार. रायफल दिली. पोराला केवढी घाई, ‘आजच नेता येईल ना?’ असं दोनदा विचारलं, आणि पिशवीसुद्धा नको म्हणाला. कोल्ह्यांचं नाव नाही, दुर्बिणीची चौकशी नाही. पहिल्यापासून लाजाळूच आहे. मी वर गोळ्यांचा एक डबा भेट दिला, वाढदिवसाचा.

असं चालतं इथं. कायदा न करता.

विरुद्ध पक्षातली आत्या

---

राजधानी, ११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तेसचं तुझं म्हणणं बिनतोड आहे. दोन दिवस त्यावरच डोकं खपवतेय. मेंढपाळांसाठी वेगळी सवलत ठेवली तर उद्या जो तो एक मेंढी पाळेल. तरी बघते.

पण तुझ्या पत्रातलं दुसरंच काहीतरी मला टोचतंय. कोडी हसला नाही. पिशवी नको म्हणाला. दुर्बीण नको, कोल्हे नाहीत, हरणांचा हंगाम तर केव्हाच संपला. मग त्याला ती कशाला हवी होती? मला विकलीस ती पहिली रायफल आठव. कुठं जाणार, कुणाबरोबर, काय मारणार, वारा कुठून आला तर कुठं बसणार, अशी तासभर उलटतपासणी घेतलीस. आणि मी तर तुझ्या घरातली! कोडीला यातलं काही विचारलंस का?

मी चुकत असेन. शाळेत राहून मला सगळीकडे संकटच दिसतं, असं तू म्हणशील. म्हण. पण रोझेरच्या कानावर घाल.

मिलेन

---

राजधानी, २ मार्च

आत्या,

पत्र नाही, आणि आता तूच फोन उचलत नाहीस. पेपरात चार ओळी आल्यात, ‘खोऱ्यात एका घरावर गोळीबार, जखमी कुणी नाही, अठरा वर्षांचा तरुण ताब्यात’. नाव दिलेलं नाही.

कोडी नाही ना? एवढंच लिही. बाकी काही नको.

मिलेन

---

सेंत-ओदील, ८ मार्च

मिलेन,

कोडीच.

तेरिओंची केली त्याच्याबरोबर फिरायची, तिनं जानेवारीत त्याला सोडलं होतं. हे सगळ्या पोरांना ठाऊक होतं. आम्हा म्हाताऱ्यांना कुणाचे पणजोबा कोण ते ठाऊक, पण हे नाही. शनिवारी चर्चमध्ये राजम्याचं जेवण होतं. केली, तिची आई आणि धाकटा भाऊ, तिघंही तिथंच होते. त्या वेळी यानं पिकअप त्यांच्या दारात लावला आणि घरावर मॅगझीन रिकामं केलं. मग पायरीवर बसून राहिला. शेरीफ आला तेव्हा थंडीनं काकडत होता.

मी जाऊन बघून आले. केलीच्या आईनं दार उघडलं आणि नुसती बाजूला झाली. गोळ्या भिंतीतून आरपार गेल्यात. फ्रिज फुटलाय. धाकट्याच्या दुमजली पलंगाची वरची गादी फाटलीय, आणि तो वरच झोपतो. गोळ्या माझ्याच डब्यातल्या. भेट दिलेल्या.

आता गावाचं ऐक. ‘पोरगं आहे, प्रेमभंग झाला, डोकं फिरलं.’ ‘घर रिकामं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.’ ‘कुणाला खरचटलंसुद्धा नाही.’ रोझेर दुकानात आला, टोपी हातात घेऊन. त्याला मी लहानपणापासून ओळखते, त्याचे डोळे रडून सुजलेले होते. म्हणाला, “फर्नांद, सुनावणीत कोडीचं नाव घेऊ नकोस. ठरल्याप्रमाणं बोल. मेंढ्यांचं बोल.” आणि टाईप केलेलं भाषण काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं, नाव नाही घेणार. तर म्हणाला, “गोष्टही नको.” मी म्हटलं, रोझेर, गोष्ट माझी आहे. विकली मी. तेव्हा त्यानं टोपी घातली आणि सांगितलं, की मग क्लबातलं कुणी तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. चढू नका म्हटलं! मी काय तुमच्या पायांसाठी दुकान उघडलंय?

तो गेल्यावर काउंटरखाली बसून रडले. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार.

पण तू लगेच तिथं टाळ्या वाजवू नकोस. ‘बघ, मी सांगत होते’ असं एक वाक्य जरी लिहिलंस तर पत्र न वाचता जाळीन. तुझं विधेयक मला अजून आवडलेलं नाही. सुनावणीला मी येतेय. काय बोलणार ते रोझेरला सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नाही.

आत्या

---

राजधानी, २० मार्च

प्रिय आत्या,

सुनावणी संपल्यावर मी तुला शोधत जिन्यापर्यंत धावले, तर तू गेलेलीस. पहारेकरी म्हणाला, “त्या नारिंगी टोपीवाल्या आजी? त्या म्हणाल्या, रस्त्यावर बर्फ आहे, उजेडात घर गाठायचंय.” सात तासांचा रस्ता, तीन मिनिटांसाठी. आणि भाचीला भेटली नाहीस.

मला काय दिसलं ते लिहिते, कारण तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

‘विरुद्ध’ बोलणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव पुकारलं. अर्धा हॉल शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्यांनी भरलेला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू रोझेरचा कागद काढलास, चष्मा लावलास, कागदाची घडी घातलीस आणि परत खिशात टाकलीस.

“माझं बंदुकांचं दुकान आहे,” तू म्हणालीस. “मी इथं विरुद्ध बोलायला आले. मी सांगणार होते, की कायदा नको, दुकानदाराची नजर पुरे. फेब्रुवारीत एक पोरगा आला. मी विचारलं, कुणाचा तू. त्यानं सांगितलं. चांगल्या घरचा. चौकशी स्वच्छ, कायदा स्वच्छ, माझी नजर स्वच्छ. त्यानं त्याच रायफलीनं एका घराची चाळण केली. एक लहान पोरगा त्या दिवशी जेवायला बाहेर होता, म्हणून आज शाळेत जातोय. या विधेयकाला मेंढ्यांतलं ओ की ठो कळत नाही, ते नीट करा. पण यापुढं इथं कुणी उठून म्हणालं, की दुकानदाराची नजर पुरते, तर माझ्याकडे बघा. ती नजर ही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “लाज वाटत नाही?” तू वळून म्हणालीस, “वाटते. म्हणून तर आले.” वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “बाई, मग तुम्हाला बाजूनं धरायचं, विरुद्ध, की दोन्ही नाही?” आणि तू त्यांना म्हणालीस, “ते तुमचं काम. मी दुकानदार आहे.” अध्यक्षांना आयुष्यात असं कुणी बोललं नसेल.

आत्या, तू माझ्यासाठी एवढं केलंस. कसे आभार मानू?

तुझी मिलेन

---

सेंत-ओदील, २७ मार्च

प्रिय मिलेन,

आभार ठेव तुझ्याजवळ. तुझ्यासाठी? अगं, कुठल्या भ्रमात आहेस! तुझ्यासाठी मी फार तर स्वेटर विणेन. तेरिओंच्या घरी फाटलेली गादी बघून आल्यावर मला रोझेरचा कागद वाचता आला नाही, इतकंच. भेटले नाही, कारण भेटले असते तर तू गळ्यात पडली असतीस, आणि नारिंगी टोप्यांना वाटलं असतं की सगळं घरात बसून ठरवलेलं होतं.

परत आल्या आल्या एक काम केलं. जुन्या लाकडी फळीवर रंगानं लिहून पाटी लावलीय, काउंटरच्या मागं, सगळ्यांना दिसेल अशी: ‘सेमी-ऑटोमॅटिक एकवीसखाली मिळणार नाही. कुणाचेही असा.’ तुझा कायदा होवो न होवो. माझ्या दुकानात झाला.

दुसऱ्याच दिवशी तेस आली. पाटी वाचली आणि मला जे काही बोलली ते मी कागदावर लिहू शकत नाही, पोस्टमन माणूस सभ्य आहे. तिचं काही चुकत नाही. तरी तिला नाहीच म्हटलं. पाटीवर ‘तेस सोडून’ असं लिहायला लागले, तर उद्या ‘उलेट सोडून’ही लिहीन. मग परत तेच सुरू.

आत्या

---

राजधानी, ६ जून

प्रिय आत्या,

हरलो. थोडक्यात, पण हरलो. आपल्या खोऱ्यातल्या दोन्ही आमदारांनी विरुद्ध मत दिलं. त्यातला एक नंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “तुमच्या आत्यांचं पटलं होतं हो, पण मला परत निवडून यायचंय.” त्याच्या अंगावर कॉफी ओतावीशी वाटली.

काल तेसचा फोन आला. तू वसंतभर रोज पहाटे तिच्या गोठ्याच्या माळ्यावर रायफल घेऊन बसलीस, हे तिनं सांगितलं. ‘म्हातारी खडूस आहे, पण नेम बघा,’ म्हणाली. आणि दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, हेही तिनंच सांगितलं. तू यातलं काही कळवलं नाहीस.

आत्या, आता कायदाच नाही, तर पाटी काढ. कुणी तुला बोल लावणार नाही. मी पुढच्या अधिवेशनात परत मांडीन, माझं मी बघेन. पण तुझं दुकान जाऊ देऊ नकोस. माझी लढाई आहे ही.

मिलेन

---

सेंत-ओदील, १७ जून

प्रिय मिलेन,

पुन्हा ‘माझी लढाई’! लहानपणी लपंडावातसुद्धा सगळे डाव तुलाच हवे असायचे.

गिऱ्हाईक फिरकत नाही, खरंय. मासे धरायचे गळ आणि डासांचं मलम तेवढं खपतं, तेही क्लबातल्यांच्या बायका मागच्या दारानं येऊन नेतात. पण काल रोझेर पुढच्या दारानं आला. मार्चपासून पहिल्यांदा. बरोबर कोडी. न्यायाधीशांनी पोराला तुरुंगात घातलं नाही, दंड केला, डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि बंदुकीला हात लावायला मनाई केली. पोरगा वाळलाय. मान खालीच.

रोझेर चांगल्या मनानं आला होता, ते मी कबूल करते. म्हणाला, “फर्नांद, झालं गेलं विसरू. विधेयक पडलं, सगळे घरी गेले. पाटी काढ, शनिवारपासून अख्खा क्लब तुझ्याकडे परत. त्या पाटीवर माझ्या नातवाचं नाव नाही, पण येणाऱ्या जाणाऱ्याला तेच दिसतं. तो आता यातून बाहेर पडतोय. त्याच्यासाठी काढ.”

खरं सांगू? माझा हात फळीकडे गेला होता. तुझ्या पत्रानं नाही, हुरळू नकोस. त्या वाळलेल्या पोराकडे बघून. म्हटलं, याच्या बाप्तिस्म्याला मी केक केला, याला गावभर मिरवायचा मला काय हक्क? रोझेरला ते दिसलं, आणि त्याला वाटलं अजून थोडं ढकलावं. नातवाला म्हणाला, “सांग रे त्यांना. घरात कुणी नाही हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच केलंस. सांग.”

रोझेर परत म्हणाला, “सांग की!”

“नव्हतं ठाऊक,” कोडी म्हणाला.

इतके महिने सगळं गाव त्या एका वाक्यावर उभं होतं गं. पोरानं तेच काढून घेतलं. रोझेर त्याच्या दंडाला धरून निघायला लागला, “चल, चल, बरं नाहीये त्याला,” म्हणत. पण कोडी हलला नाही. पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“मी आलो त्या दिवशी,” तो म्हणाला, “मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. घरून निघताना तेच वाटत होतं. तुम्ही नाही म्हणाल, आजोबांना फोन कराल, आणि ते येऊन मला घरी नेतील. पण तुम्ही फक्त विचारलंत, कुणाचा.”

मग तो बाहेर जाऊन गाडीत बसला. रोझेर काउंटरला धरून उभा होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो म्हणाला, “मी तर घरातच होतो त्या दिवशी. फोनपाशी.” आम्ही दोघंही रडलो, मोठमोठ्यानं, लहान पोरांसारखे. जाताना त्यानं पाटीचा विषय काढला नाही.

पाटी आहे तिथंच आहे, आणि मी जिवंत असेपर्यंत तिथंच राहील. दुकान बुडालं तर बुडालं, पण बुडेपर्यंत येईल त्या प्रत्येक पोराला मी नाही म्हणणार आहे, चांगलं मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

फर्नांद आत्या